स्मार्ट टीव्हीसाठी स्वतःचं अ‍ॅप काढावं का? कोल्हापूरच्या फुटबॉलच्या निमित्ताने समजून घेऊया

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असेल, तर त्या दिवशी कोल्हापुरात दुसरं काही ठरवायचं नसतं. ज्यांना स्टेडियममध्ये जागा मिळत नाही आणि जे नोकरीसाठी पुण्यात, मुंबईत किंवा दुबईत आहेत, ते मॅच यूट्यूबवर लाइव्ह बघतात. हे चित्रीकरण स्थानिक चॅनेल आणि छोट्या मीडिया टीम करतात. दोन-तीन कॅमेरे, एक स्विचर, एक चांगलं नेट कनेक्शन आणि अस्सल कोल्हापुरी कॉमेंट्री, एवढ्यावर काम चालतं. कुस्तीची मैदानं, शाही दसरा, गणपतीची विसर्जन मिरवणूक हेही सगळं याच पद्धतीने घराघरांत पोहोचतं.

असं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी एक विचार येतोच. प्रेक्षक आपले, मेहनत आपली, मग यूट्यूबच्या भरवशावर का बसायचं? आपलंच अ‍ॅप काढू. मोबाइलवर तर हवंच, पण मॅच मोठ्या पडद्यावर बघण्यात मजा आहे, म्हणून टीव्हीवरही हवं. वर्षाला ९९ रुपये लावले तरी लोक देतील.

विचारात चूक काहीच नाही. पण मोबाइल किंवा वेबसाइटसाठी काही बनवणं आणि टीव्हीसाठी अ‍ॅप बनवणं यात मोठा फरक आहे. तो पैसे खर्च करण्याआधी समजून घेतलेला बरा.

बंदिस्त प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

वेबसाइट काढायला कोणाची परवानगी लागत नाही. डोमेन घ्या, होस्टिंग घ्या, पत्ता लोकांना सांगा, झालं. टीव्हीचं तसं नाही. सॅमसंगच्या टीव्हीत टायझन ही प्रणाली असते, एलजीच्या टीव्हीत वेबओएस. शाओमी, टीसीएल, सोनी वगैरेंच्या बहुतेक टीव्हीत गुगलची अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही. अमेझॉनची फायर टीव्ही स्टिक वेगळी आणि अ‍ॅपलची टीव्हीओएस आणखी वेगळी. या प्रत्येकाचं स्वतःचं स्टोअर आहे आणि त्या स्टोअरच्या दारावर कंपनीचाच माणूस बसलेला आहे. अ‍ॅप आत घ्यायचं की नाही, कोणत्या अटींवर घ्यायचं, नंतर काढून टाकायचं का आणि मधल्या काळात किती टक्के कापायचे, हे तोच ठरवतो.

उदाहरणार्थ सॅमसंग. सॅमसंगच्या टीव्ही स्टोअरवर कोणीही विक्रेता म्हणून नोंदणी करू शकतो, पण साध्या नोंदणीवर अ‍ॅप फक्त अमेरिकेत प्रसिद्ध करता येतं. इतर देशांत द्यायचं असेल तर कंपनीकडून ‘पार्टनर’ म्हणून मान्यता घ्यावी लागते. म्हणजे राजारामपुरीत बसून बनवलेलं कोल्हापूरच्या फुटबॉलचं अ‍ॅप टेक्सासमधल्या टीव्हीवर आधी दिसेल आणि मंगळवार पेठेत नंतर. तेही मान्यता मिळाली तर!

गुगलचं दार त्यामानाने सताड उघडं समजलं जातं. नोंदणी २५ डॉलरमध्ये, तीही एकदाच. पण तिथेही नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलेल्या डेव्हलपरला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सुरुवातीला हा आकडा २० होता.

एकच अ‍ॅप, पाच वेळा

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अ‍ॅप एकदा बनवलं की सगळीकडे चालेल. टीव्हीच्या बाबतीत तसं होत नाही. टायझन आणि वेबओएसवरची अ‍ॅप्स वेबसाइटच्याच भाषेत, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिली जातात. अँड्रॉइड टीव्हीसाठी कोटलिन किंवा जावा. अ‍ॅपलसाठी स्विफ्ट. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या रोकूची तर ब्राइटस्क्रिप्ट नावाची स्वतःचीच भाषा आहे. रोकू सोडली तर ती कुठे उपयोगाला येत नाही.

त्यात आपल्याकडे टीव्ही दर दोन वर्षांनी बदलत नाहीत. घरात एकदा टीव्ही आला की तो आठ-दहा वर्षं भिंतीवर राहतो. एलजीच्या २०१८ सालच्या टीव्हीत ब्राउझरचं जे इंजिन आहे ते क्रोमियम ५३. हे इंजिन २०१६ मधलं आहे. आजच्या वेबसाइट ज्या सोयी गृहीत धरतात त्यातल्या बऱ्याच त्याला कळतच नाहीत. त्यामुळे ‘एलजीसाठी अ‍ॅप’ असं एकच काम नसतं. २०१८ च्या एलजीसाठी वेगळी दुरुस्ती लागते, २०२२ च्या एलजीसाठी वेगळी. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीनेही डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवरून आणि रोकूच्या जुन्या डब्यांवरून अंग काढून घेतलं होतं. नेटफ्लिक्सला ते परवडतं. तुमच्या ग्राहकांचे काका मात्र फोन करून विचारणार, “आमच्या टीव्हीवर का दिसत नाही रे?”

आणि एवढं करूनही जमीन स्थिर राहील याची खात्री नाही. फायर टीव्ही कितीतरी वर्षं अँड्रॉइडवर चालत होती, त्यामुळे अँड्रॉइड टीव्हीसाठी बनवलेलं अ‍ॅप थोडे फेरफार करून तिथे चालवता यायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेझॉनने फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट आणली. तिच्यात वेगा ही नवी प्रणाली आहे. ती लिनक्सवर उभी आहे, अँड्रॉइड नाही. तिच्यासाठी अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये नव्याने बांधावं लागतं. शिवाय जुन्या स्टिकवर लोक स्टोअरबाहेरचं अ‍ॅप फाइल टाकून चढवायचे. वेगावर सामान्य ग्राहकासाठी ती पळवाटही बंद आहे. मधल्या काळासाठी अमेझॉनने जुनी अँड्रॉइड अ‍ॅप्स क्लाउडवरून चालवून दाखवण्याची सोय काढली आहे, पण ती तात्पुरती आहे आणि ती कोणाला द्यायची हेही अमेझॉनच ठरवणार.

दोन हत्ती भांडतात तेव्हा

या धंद्यातला सगळ्यात विचित्र धोका म्हणजे तुमचा काही संबंध नसलेलं भांडण. २०१५ मध्ये अमेझॉनने आपल्या साइटवर गुगलचं क्रोमकास्ट आणि अ‍ॅपल टीव्ही विकणं बंद केलं. पुढे भांडण वाढत गेलं आणि २०१७ संपता संपता गुगलने फायर टीव्हीवरून यूट्यूब काढून घेतलं. ते परत यायला जुलै २०१९ उजाडलं. दीड वर्ष ग्राहकाने दोन्ही कंपन्यांना पैसे देऊनही सरळ अ‍ॅप मिळत नव्हतं.

एचबीओ मॅक्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मे २०२० मध्ये ते अमेरिकेत सुरू झालं तेव्हा रोकू आणि फायर टीव्ही या तिथल्या दोन सर्वात मोठ्या डब्यांवर ते नव्हतंच. पैशांचं आणि ग्राहकांची माहिती कोणाकडे राहणार याचं गणित जुळत नव्हतं. फायर टीव्हीशी करार व्हायला नोव्हेंबर उजाडला आणि रोकूशी डिसेंबर. मागे वॉर्नरसारखी कंपनी आणि हॉलिवूडचा अख्खा साठा असताना सहा-सात महिने दारात उभं राहावं लागलं. २०२१ मध्ये रोकूने गुगलचं यूट्यूब टीव्ही हे अ‍ॅपही स्टोअरवरून काढलं आणि डिसेंबरमध्ये करार झाल्यावरच ते परत आलं. गुगलचं अ‍ॅप काढलं जाऊ शकतं, तर उद्यमनगरातल्या चार पोरांच्या अ‍ॅपचं काय घेऊन बसलात?

छोट्यांचं काय होतं तेही रोकूनेच दाखवलं. तिथे ‘प्रायव्हेट चॅनेल’ नावाची सोय होती. स्टोअरमध्ये न जाता एक कोड देऊन तुमचं चॅनेल लोकांना बघता यायचं. छोट्या धार्मिक संस्था, परदेशी भाषांचे गट आणि हौशी मंडळी ती वापरायची. चोरीचे सिनेमे दाखवणारेही वापरायचे, हे खरं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोकूने ही सोय बंद केली. बदल्यात दिलं ‘बीटा चॅनेल’, जास्तीत जास्त २० प्रेक्षकांसाठी आणि १२० दिवसांपुरतं. चोरांसोबत प्रामाणिक माणसंही बाहेर गेली.

काही वेळा प्लॅटफॉर्मच गुंडाळला जातो. गुगलने स्टेडिया ही गेम स्ट्रीमिंगची सेवा बंद करत असल्याचं २९ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केलं आणि १८ जानेवारी २०२३ ला ती बंद झाली. गेम विकत घेतलेल्यांना गुगलने पैसे परत दिले, ही चांगली गोष्ट. पण स्टेडियासाठी गेम तयार करत असलेल्या अनेक डेव्हलपरना ही बातमी बाकी जगाबरोबरच कळली. त्यांनी घातलेल्या महिन्यांचा परतावा कोणत्या फॉर्मवर मागायचा?

संगीतातही तेच. स्पॉटिफायच्या माहितीवर आधारित छोटी अ‍ॅप्स बनवणारे जगभर हजारो तरुण आहेत. गाण्याचा वेग, मूड, सारखी गाणी, ३० सेकंदांचा नमुना असं बरंच काही स्पॉटिफाय एपीआयमधून द्यायची. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी नव्या आणि अजून चाचणीत असलेल्या अ‍ॅप्ससाठी यातल्या अनेक गोष्टी बंद झाल्या. मे २०२५ मध्ये पुढची अट आली. मोठ्या प्रमाणावर वापराची परवानगी हवी असेल तर नोंदणीकृत कंपनी हवी आणि महिन्याला किमान अडीच लाख वापरकर्ते हवेत. अडीच लाख वापरकर्ते परवानगीशिवाय आणायचे कुठून, हा प्रश्न अर्थातच डेव्हलपरचा!

भारतात काय झालं?

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला मार्च २०२४ चा आहे. प्ले स्टोअरवरच्या डिजिटल विक्रीवर गुगल कमिशन घेते. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत आणि सबस्क्रिप्शनवर १५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या पेमेंटचा पर्याय दिला तर त्यात चार टक्क्यांची सूट. काही भारतीय कंपन्या या विरोधात कोर्टात गेल्या होत्या. जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला, ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला आणि १ मार्चला गुगलने अ‍ॅप्स काढायला सुरुवात केली. मुंबईची शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी डॉट कॉम ही नावं त्यात होती. स्ट्रीमिंगमधली ऑल्ट, कुकू एफएम आणि हरियाणवी-राजस्थानी बोलींतले कार्यक्रम दाखवणारं स्टेज हीसुद्धा होती.

केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बैठका झाल्या आणि काही दिवसांत अ‍ॅप्स परत आली. कमिशनचा प्रश्न मात्र जिथे होता तिथेच राहिला.

यातलं बारीक अक्षर असं, की या कंपन्या मोठ्या होत्या, त्यांच्याकडे वकील होते आणि मंत्र्यांनी त्यांच्यासाठी तोंड उघडलं. कोल्हापूरच्या फुटबॉलचं अ‍ॅप ऐन फायनलच्या आदल्या दिवशी निघालं, तर दिल्लीत बैठक होणार नाही. अपील करायचं ते एका ऑनलाइन फॉर्मवर. उत्तर येईपर्यंत चषक कोणत्या तालमीत गेला हे सगळ्या गावाला कळलेलं असेल.

कायदा काहीच करत नाही असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंट धोरणावरून गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलएटीने, तो २१६.६९ कोटींवर आणला. टीव्हीसंबंधीची वेगळी केसही झाली. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना गुगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची सगळी अ‍ॅप्स घ्यावी लागतात आणि अँड्रॉइडची दुसरी कोणती आवृत्ती वापरता येत नाही, अशी तक्रार होती. आयोगाने २०२१ मध्ये चौकशीचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली. गुगलने २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतातल्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर सुटं, शुल्क घेऊन देण्याचं मान्य केलं.

टीव्ही कंपन्यांसाठी ही चांगली बातमी आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी तिचा अर्थ दुधारी आहे, असं मला वाटतं. उद्या भारतात अँड्रॉइडच्या चार वेगळ्या आवृत्त्यांचे टीव्ही आले, तर गुगलची पकड सैल होईल खरी, पण छोट्या डेव्हलपरला पाचाऐवजी आठ ठिकाणी अ‍ॅप चालवून बघावं लागेल. मोठ्या प्लॅटफॉर्मवर आधीच बंधनं घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला होता. त्याचा कायदा झालेला नाही.

कोल्हापूरकराला हे सगळं उसाच्या भाषेत पटकन कळेल. ऊस तोडायला आला की तो कारखान्यालाच घालावा लागतो, शेतात ठेवला तर वजन घटतं. इथपर्यंत अ‍ॅपवाला आणि ऊसवाला सारखेच. पण उसाला किमान एफआरपी आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे, नाही मिळाले तर साखर आयुक्तांकडे जाता येतं आणि तरीही नाही मिळाले तर पुणे-बंगळुरू हायवेवर बसता येतं. अ‍ॅपवाल्याने कुठल्या हायवेवर बसायचं?

आकडे मांडून बघू

समजा, अ‍ॅप निघालं आणि २,००० लोकांनी वर्षाचे ९९ रुपये भरले. जमा १ लाख ९८ हजार. स्टोअरचे १५ टक्के म्हणजे २९ हजार ७०० गेले. राहिले १ लाख ६८ हजार ३००, म्हणजे महिन्याला साधारण १४ हजार. यातून सर्व्हरचं आणि व्हिडिओ पोहोचवण्याचं बिल भरायचं, कॅमेरामनचे पैसे द्यायचे, मैदानावरच्या हक्कांची रक्कम द्यायची आणि पाच प्रकारच्या टीव्हींवर अ‍ॅप चालू ठेवणारा माणूस पोसायचा. एवढ्या पैशात इंजिनिअरिंग कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगाही टिकणार नाही.

म्हणून कमिशनवर जी भांडणं पेपरात गाजतात ती छोट्यांच्या दृष्टीने दुय्यम आहेत, असं माझं मत आहे. २९ हजार वाचले तरी हिशेब बदलत नाही. मोडतो तो देखभालीच्या खर्चाने आणि उद्या नियम बदलले तर करावं लागणाऱ्या फेरकामाने. हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. अ‍ॅप बनवून देणारी कंपनी ‘चार लाखांत सगळ्या टीव्हींवर’ असं सांगत असेल, तर दुसऱ्या वर्षी कोण बघणार हे आधी विचारा.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅप स्टोअरमध्ये असणं आणि लोकांना दिसणं यात मल्टिप्लेक्समधल्या मराठी सिनेमाइतकं अंतर आहे. सिनेमा लागलेला असतो, पण शो सकाळी साडेनऊचा. टीव्हीच्या पहिल्या पडद्यावरच्या जागा मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून घेतलेल्या असतात. रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण उगाच नसतं. रिमोटने एकेक अक्षर शोधत तुमच्या अ‍ॅपचं नाव टाइप करण्याइतकी चिकाटी प्रेक्षकाकडे असेल, हे गृहीत धरू नये.

मग यूट्यूबवरच राहायचं?

यूट्यूबही बंदिस्तच आहे, हे विसरून चालणार नाही. ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं. गोल झाल्यावर स्टेडियममध्ये वाजलेलं एखादं सिनेमातलं गाणं लाइव्हमध्ये गेलं, तर त्यावर दावा येतो आणि क्लिपचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. मे २०२५ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेच्या क्लिप वापरल्यावरून अनेक यूट्यूबरना स्ट्राइक आल्या आणि त्यावरून देशभर वाद झाला, तेव्हा लाखो सबस्क्रायबर असलेल्यांचेही धाबे दणाणले होते. पण यूट्यूबचा एक मोठा फायदा आहे. ते जवळपास प्रत्येक स्मार्ट टीव्हीत आधीपासून असतं, आणि जुन्या एलजीवर ते चालवायची डोकेदुखी गुगलची असते, तुमची नाही.

माझ्या मते छोट्या टीमने टीव्ही अ‍ॅपपासून सुरुवात करू नये. लाइव्ह यूट्यूबवर चालू द्यावं आणि त्याच्या बाजूला स्वतःची साधी वेबसाइट उभी करावी. पैसे तिथे, यूपीआयने घ्यावेत. प्रेक्षकांचे मोबाइल नंबर, कोणी कधी पैसे भरले, जुन्या मॅचचं फुटेज हे सगळं आपल्याकडे राहिलं पाहिजे. चॅनेल उद्या बंद पडलं, तर या यादीच्या जोरावर दोन दिवसांत दुसरीकडे उभं राहता येतं. यादी नसेल तर पहिल्यापासून सुरुवात.

पुढे मागणी खरोखर दिसली, तर आधी एकाच प्रणालीसाठी अ‍ॅप करावं. आपले प्रेक्षक कोणत्या टीव्हीवर बघतात याचे आकडे यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये मिळतात, ते बघून ठरवावं. प्ले स्टोअरच्या नियमांत आणखी एक सोय आहे. अ‍ॅपमध्ये काहीच विकायचं नाही, फक्त लॉगिन ठेवायचं आणि सबस्क्रिप्शन वेबसाइटवर घ्यायचं, असं अ‍ॅप चालतं, आणि त्यावर कमिशनही लागत नाही. फक्त ‘वेबसाइटवर जाऊन पैसे भरा’ असं अ‍ॅपमध्ये कुठवर सांगता येईल यावर बंधनं आहेत आणि ती बदलत असतात, तेव्हा अ‍ॅप पाठवण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचावे लागतात.

स्टोअर टाळून थेट अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर वाटण्याचा मार्गही काही जण सुचवतात. तो आता अरुंद होत चालला आहे. वेगाचं वर सांगितलंच. गुगलनेही ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड उपकरणांवर स्टोअरबाहेरून टाकलेल्या अ‍ॅपच्या डेव्हलपरलाही ओळख पडताळून घ्यावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गुगलने नंतर म्हटलं आहे. पण मॅच बघायला बसलेले आजोबा त्या वाटेने जाणार नाहीत.

आणि अ‍ॅपवर एक रुपयाही घालण्याआधी एक कागद हातात असू द्या. सामने दाखवण्याचा हक्क तुम्हाला कोणी, किती हंगामांसाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी दिला आहे, हे आयोजकांकडून लेखी घ्या. सॅमसंग असो वा गुगल, कोणी तक्रार केली तर स्टोअरवाले पहिल्यांदा हाच कागद मागतात. तोंडी शब्दावर शाहू स्टेडियममध्ये कॅमेरा लावता येतो, स्टोअरच्या फॉर्ममध्ये तो शब्द अपलोड करता येत नाही.